उणे पन्नासातलं रान: उत्तरेच्या थंडीत झाडं आणि प्राणी कसे तगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ध्रुवाभोवतीच्या जंगलांचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांच्या मुळाशी एक समज असतो: थंडी म्हणजे शत्रू आणि बर्फ म्हणजे मरण. तिथल्या जिवांना विचारता आलं असतं तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं. पाणी न मिळणं, अन्न न मिळणं आणि वेळ चुकणं या तीन गोष्टींना ते थंडीपेक्षा जास्त वचकून असतात. बर्फ तर बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं उभा असतो.

उत्तरेचं जंगल म्हणजे नेमकं कुठलं?

टैगा. अलास्का, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि तिथून पार रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पृथ्वीच्या डोक्यावर मुंडाशासारखा गुंडाळलेला हा पट्टा आहे. जगातल्या एकूण जंगलापैकी साधारण २७ टक्के जंगल इथं आहे. विस्तार एवढा, पण झाडांच्या जाती मोजक्याच: स्प्रूस, पाइन, फर, लार्च आणि त्यांच्या अधूनमधून बर्च, अ‍ॅस्पेन, विलो. उत्तरेकडे हे जंगल विरळ आणि खुजं होत जातं आणि शेवटी उघड्या टुंड्रात विरून जातं.

मग जंगल जिथं संपतं तिथं थंडी असह्य होते, असंच ना?

नाही, आणि मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. झाडांची उत्तर सीमा हिवाळा ठरवत नाही, उन्हाळा ठरवतो. जुलैचं सरासरी तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की झाडाला नवं लाकूड घडवायला, कोंब पक्के करायला पुरेशी ऊब आणि पुरेसे दिवस मिळत नाहीत. हिवाळा कितीही कडक असू दे, उन्हाळा बरा असेल तर जंगल उभं राहतं.

याचा पुरावा सायबेरियात आहे. वेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन या दोन ठिकाणी उणे ६७.८ अंशांची नोंद झालेली आहे, पहिल्या ठिकाणी १८९२ साली आणि दुसऱ्या ठिकाणी १९३३ साली. उत्तर गोलार्धातल्या वस्तीच्या ठिकाणचा हा नीचांक. तरीही दोन्हीकडे आजूबाजूला लार्चचं जंगल आहे, कारण तिथला उन्हाळा चक्क गरम असतो. २० जून २०२० रोजी वेर्खोयान्स्कला ३८ अंश नोंदले गेले. त्याच मातीत, त्याच मुळांवर उभ्या असलेल्या झाडाला शंभर अंशांहून जास्त फरक सोसावा लागतो. जगातलं सर्वांत उत्तरेकडचं जंगल म्हणून ओळखलं जाणारं तैमिर द्वीपकल्पातलं आरी-मास ७२ अंश अक्षांशाच्याही वर आहे, आणि तेही लार्चचंच.

एवढ्या थंडीत झाडं गोठत नाहीत का?

गोठतात की! मरत मात्र नाहीत. पेशीला खरा धोका थंडीचा नसतो, तिच्या पोटात तयार होणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांचा असतो. ते आतून पडदे फाडतात. म्हणून ही झाडं पाणी पेशीच्या बाहेर, दोन पेशींमधल्या फटीत गोठू देतात. बाहेर बर्फ धरला की तो आतलं पाणी हळूहळू ओढून घेतो. पेशी सुरकुतते आणि आत साखर आणि प्रथिनांचा घट्ट पाक तेवढा उरतो. त्या पाकात मोकळं पाणी इतकं कमी असतं की गोठायला काही शिल्लकच राहत नाही. थोडक्यात, झाड थंडीतून वाचतं ते स्वतःला जवळजवळ वाळवून.

ही युक्ती किती लांब जाते? जपानच्या होक्काइदो बेटावर काम करणारे संशोधक अकिरा साकाई यांनी १९६० साली विलोच्या हिवाळी डहाळ्या आधी सावकाश उणे ३० अंशांपर्यंत गोठवल्या आणि मग थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या. बाहेर काढल्यावर डहाळ्या जिवंत होत्या. पृथ्वीवर इतकी थंडी कुठंच पडत नाही, तेव्हा ही क्षमता गरजेपेक्षा कितीतरी जास्त म्हणायची. मात्र तीच डहाळी जुलैमध्ये गोठणबिंदूच्या थोडंसं खाली नेली तरी मरू शकते. सगळं काही तयारीवर अवलंबून आहे.

ओकसारखी झाडं वेगळा मार्ग धरतात. त्यांच्या लाकडातल्या काही पेशींमधलं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही द्रवच राहतं. पण उणे ४० अंशांच्या आसपास ही सवलत संपते, कारण त्या तापमानाला पाणी आपोआप गोठतं. ओक टैगाच्या दक्षिण काठावरच का थबकतो, याचं एक कारण हे मानलं जातं.

थंडीत झाडांमधून बंदुकीसारखा आवाज येतो म्हणतात, ते खरं?

खरं आहे. तापमान झपाट्यानं उतरलं की खोडाचा बाहेरचा भाग आधी आकसतो, गाभा मागे राहतो आणि ताण सहन न होऊन खोड उभं तडकतं. निवांत रात्री तो आवाज बराच लांबवर जातो. बहुतेक झाडं ही जखम पुढच्या उन्हाळ्यात भरून काढतात.

थंडी येणार हे झाडाला आधी कसं कळतं?

दिवसाच्या लांबीवरून. तापमान बेभरवशाचं असतं. सप्टेंबरात एखादा आठवडा उबदार निघतो आणि लगेच कडाक्याची थंडी पडते. दिवस मात्र ठरलेल्या दरानंच लहान होतो. पानांमधलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य रात्र किती लांबली हे मोजतं. मग वाढ थांबते, कळ्या मिटतात आणि पेशींमध्ये साखर साठू लागते. पक्की तयारी पुढं पहिल्या हलक्या थंडीत होते.

म्हणूनच दक्षिणेकडचं बी आणून उत्तरेला लावलं की रोप फसतं. जात तीच असली तरी त्याचं घड्याळ दुसऱ्या अक्षांशाचं असतं, आणि ते भलत्या वेळी कोवळं राहतं.

पाइन-स्प्रूस हिवाळ्यातही हिरवे का राहतात? पानं गाळणं सोपं नाही का?

सोपं आहे, पण महाग आहे. टैगाची माती आंबट आणि गरीब. थंडीमुळे पालापाचोळा कुजायला फार वेळ लागतो, त्यामुळे नायट्रोजन हाताला लागत नाही. दरवर्षी नवी पानं काढायची म्हणजे दरवर्षी नवं भांडवल घालायचं. स्प्रूसची एकेक सुई त्याऐवजी कित्येक वर्षं वापरली जाते. शिवाय वसंतात बर्फ वितळता वितळताच काम सुरू करता येतं, पानं फुटायची वाट बघावी लागत नाही. जिथं वाढीचे दिवसच मोजके, तिथं हे दोन-तीन आठवडे फार मोलाचे.

सुईचा आकारही हिशेबातला आहे. पृष्ठभाग कमी, वर मेणाचा थर, श्वासाची छिद्रं खोल दडवलेली. हे सगळं पाणी वाचवण्यासाठी. जमीन गोठलेली असताना मुळांना एक थेंब मिळत नाही, आणि मार्चमधलं ऊन व वारा पानांतलं पाणी ओढत असतो. त्या अर्थी बर्फानं वेढलेलं हे झाड वाळवंटात उभं असतं.

लोकांना सहसा ठाऊक नसलेली अडचण म्हणजे ऊन. गोठलेल्या सुईत प्रकाशसंश्लेषण बंद असतं, पण हरितद्रव्य ऊन शोषतच राहतं. ती ऊर्जा कुठं तरी गेली पाहिजे, नाहीतर पेशी भाजून निघेल. म्हणून झाडं हिवाळ्यासाठी खास रंगद्रव्यं साठवतात आणि आलेला प्रकाश उष्णतेच्या रूपात सोडून देतात. यंत्र चालू, पण पट्टा काढून ठेवलेला.

आणखी एक अडचण नळ्यांची. खोडातलं पाणी गोठताना त्यातली हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. रुंद नळीत असा बुडबुडा अडकला की नळी कायमची निकामी होते. सूचिपर्णी झाडांच्या नळ्या अतिशय बारीक असतात, त्यामुळे बर्फ वितळताना ते बुडबुडे पुन्हा पाण्यात विरघळून जातात. पाणी सावकाश चढतं, पण वाट बंद होत नाही.

मग लार्च सूचिपर्णी असूनही पानं का गाळतो?

कारण पूर्व सायबेरियात जमीन खाली कायमची गोठलेली असते आणि उन्हाळ्यात वरचा जेमतेम थर मोकळा होतो. मुळं उथळ, पाणी तुटपुंजं, हिवाळा कोरडा आणि पराकोटीचा. अशा ठिकाणी हिवाळाभर सुया सांभाळण्यापेक्षा त्या टाकून दिलेल्या परवडतात. लार्च आधी सुयांमधला नायट्रोजन बराचसा परत ओढून घेतो, मग सोनेरी होतो आणि झडतो.

बर्चची साल पांढरी का?

हिवाळ्याच्या शेवटी निरभ्र दिवशी गडद खोड उन्हानं तापतं, मावळतीनंतर झर्रकन गोठतं आणि साल मरते. पांढरी साल ऊन परतवते, त्यामुळे दिवस-रात्रीतला फरक कमी होतो. अ‍ॅस्पेनची साल फिकट हिरवट असते, त्याचं कारण वेगळं: पानं नसतानाही सालीतलं हरितद्रव्य थोडंफार काम करत राहतं.

बर्फ प्राण्यांचा शत्रू आहे की मित्र?

बहुतेक लहान प्राण्यांसाठी मित्र, आणि तोही जिवाला जीव देणारा. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते, म्हणजे ती दुलईच झाली. पुरेसा जाड थर बसला की वर उणे ४० अंश असताना खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या जरासंच खाली राहतं.

त्या तळाशी आणखी एक गोष्ट घडते. जमिनीची ऊब बर्फाच्या खालच्या थरातल्या कणांची वाफ करते, ती वर जाऊन पुन्हा गोठते, आणि तळाशी साखरेच्या मोठ्या दाण्यांसारखा ठिसूळ, पोकळ थर तयार होतो. अलास्कातल्या कोबुक नदीकाठच्या इन्युइट लोकांकडे त्याला शब्द आहे, पुकाक. संशोधकांनी तो जसाच्या तसा उचलला. या पुकाकमध्ये व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर बोगदे काढतात, मुळं आणि साली कुरतडतात, कधी कधी पिल्लंही वाढवतात. आत अंधुक निळसर उजेड, वारा नाही, दमट हवा. बाहेरच्या हिवाळ्याचा तिथं पत्ताच नसतो.

अर्थात शिकारी हे जाणून आहेत. वीझल हा मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी इतका सडपातळ असतो की तो थेट बोगद्यात शिरतो. करडं मोठं घुबड झाडावर बसून अर्ध्या मीटर बर्फाखालची हालचाल नुसत्या कानांनी टिपतं आणि पंजे पुढं करून बर्फात घुसतं. रानकोंबड्यांसारखे ग्राउस पक्षी रात्री बर्फात सूर मारून आतच झोपतात.

बर्फाच्या थरानुसार प्राण्यांचं आयुष्य कसं ठरतं, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ फोर्मोझोव्ह यांनी १९४६ साली पद्धतशीर मांडलं. त्यांनी प्राण्यांची विभागणी केली ती थंडी सोसण्यावरून नव्हे, बर्फाशी कसं जमतं यावरून. त्याकडे पुन्हा पुन्हा वळावंसं वाटतं ते याच कारणासाठी.

खरा धोक्याचा काळ असतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, जेव्हा थंडी आलेली असते पण बर्फ पडलेला नसतो. तेव्हा उघड्यावर सापडलेले उंदीर मोठ्या संख्येनं मरतात.

लहान प्राण्यांना थंडी जास्त वाजते ना? मग ते झोपून का राहत नाहीत?

वाजते. शरीर लहान असलं की आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता भराभर जाते. आणि शीतनिद्रेसाठी चरबीचा साठा लागतो, जो काही ग्रॅमच्या अंगावर मावत नाही.

चिचुंद्रीनं यावर जो तोडगा काढलाय तो ऐकून पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता. ती हिवाळ्यात लहान होते. नुसती बारीक नव्हे, तिची कवटी, मेंदू, यकृत, कणासुद्धा आकसतो. पोलंडचे प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट देनेल यांनी १९४९ साली हे नोंदवलं. कवटीची उंची १५ ते २० टक्क्यांपर्यंत घटते आणि वसंतात बरीचशी भरून येते. अंग लहान म्हणजे भूक लहान, आणि मेंदू हा सगळ्यात खादाड अवयव. दर काही तासांनी खाल्लं नाही तर मरणाऱ्या प्राण्याला ही काटकसर परवडते, थोडी बुद्धी गेली तरी.

पाच-सहा ग्रॅमचे पक्षी रात्र कशी काढतात?

गोल्डक्रेस्ट हा युरोपातला सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, वजन पाच-सहा ग्रॅम. तो टैगातच हिवाळा काढतो. दिवसभर न थांबता किडे वेचायचे, संध्याकाळी फांदीवर एकमेकांना चिकटून गोळा व्हायचं आणि दिवसभरात चढवलेली चरबी रात्रभर कुडकुडत जाळायची. सकाळी पुन्हा पाटी कोरी.

चिकडी नावाचे टिट कुळातले पक्षी रात्री अंगाचं तापमान १० ते १२ अंशांनी उतरवतात. माणसाचं तापमान इतकं उतरलं तर दवाखान्यात धावाधाव होईल, त्यांची ती रोजची झोप. दिवसा ते शरद ऋतूत दडवलेल्या बिया शोधून खातात. सालीच्या फटीत, दगडफुलांच्या मागे, एकेका जागी एकच बी, अशा हजारो जागा. त्या लक्षात ठेवायला लागणारा मेंदूचा भाग शरदात वाढतो, असं संशोधनात आढळलंय. एक प्राणी मेंदू लहान करतो, दुसरा त्यातलाच एक भाग वाढवतो, आणि दोघंही त्याच हिवाळ्यात जगतात. तेव्हा ‘थंडीशी जुळवून घेण्याचा नियम’ वगैरे शब्द जपून वापरावेत.

क्रॉसबिल तर सगळ्यांहून उफराटा. शंकूंमधल्या बियांवर त्याची गुजराण, आणि शंकू भरपूर असतील तर तो जानेवारी-फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत अंडी घालतो.

अस्वल हिवाळाभर खरंच झोपतं का?

झोपतं, पण गाढ बेशुद्ध नसतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अलास्कातल्या काळ्या अस्वलांच्या अभ्यासात त्यांचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहिल्याचं दिसलं, पण शरीराचा ऊर्जेचा खर्च एक चतुर्थांशावर आला होता. कित्येक महिने ते खात नाही, पीत नाही, लघवीही करत नाही. युरियातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनं बनवायला वापरला जातो, म्हणून महिनोन्‌महिने पडून राहूनही त्याचे स्नायू फारसे झडत नाहीत. याला ‘खरी’ शीतनिद्रा म्हणायचं की नाही यावर जुना वाद आहे. मला तो शब्दांचा वाद वाटतो.

मादीचा हिशेब त्याहून चोख. मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं, पण गर्भ काही महिने गर्भाशयाला रुजतच नाही. शरदापर्यंत अंगावर पुरेशी चरबी चढली असेल तरच तो पुढं वाढतो. पिल्लं भर हिवाळ्यात, गुहेच्या उबेत जन्मतात.

तापमान खरं उतरवते ती टुंड्रातली, बिळात राहणारी आर्क्टिक खार. तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत गेल्याची नोंद १९८९ साली झाली. रक्त गोठत नाही, कारण ते द्रवरूपातच शून्याखाली राहतं. दर दोन-तीन आठवड्यांनी ती अंग तापवून जागी होते आणि पुन्हा थंड पडते. साठवलेली बरीचशी चरबी या उठण्यातच खर्च होते, तरी ती उठतेच.

गोठून पुन्हा जिवंत होणारा बेडूक ही दंतकथा आहे का?

नाही. उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग पानांच्या पाचोळ्याखाली हिवाळा काढतो आणि खरोखर दगडासारखा कडक होतो. शरीरातल्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश पाण्याचा बर्फ होतो. हृदय थांबतं, श्वास थांबतो. त्वचेवर पहिला बर्फ धरताच यकृत साठवलेल्या पिष्टाची साखर करून रक्तात ओतू लागतं आणि ती साखर पेशींना आतून वाचवते. म्हणजे झाडाचीच युक्ती: बर्फ बाहेर, पाक आत. अलास्कातले हे बेडूक सहा महिन्यांहून अधिक काळ गोठून राहिलेले आणि उणे १८ अंशांपर्यंत तगलेले आढळले आहेत. वसंतात आधी हृदय सुरू होतं, पाय मागाहून हलतात, आणि थोड्याच दिवसांत स्वारी डबक्यात बसून माद्यांना साद घालत असते.

आणि किडे?

बहुतेक ग्लिसरॉलसारख्या द्रव्यांवर निभावतात, काही गोठू देतात, काही गोठण टाळतात. अलास्कातल्या लाल चपट्या भुंग्याच्या अळ्यांपैकी काही प्रयोगशाळेत उणे १०० अंशांपर्यंत नेल्या तरी गोठल्या नाहीत. त्यांच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी काचेसारखं घट्ट होतं.

तळी गोठल्यावर मासे काय करतात?

पाण्याचं तापमान शून्याखाली जात नाही, त्यामुळे थंडी ही त्यांची अडचण नसते. अडचण असते ती प्राणवायूची. वर बर्फाचं झाकण आणि त्यावर हिम, म्हणून आत उजेड नाही आणि नवा प्राणवायूही नाही. क्रुशियन कार्प हा मासा अशा तळ्यात महिनोन्‌महिने प्राणवायूशिवाय जगतो. अशा वेळी इतर प्राण्यांच्या शरीरात लॅक्टिक आम्ल साठून विष होतं. हा मासा त्याचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे सोडून देतो. त्याच्या रक्तात दर १०० मिलीलिटरमागे ५० मिलीग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलंय, म्हणजे अनेक देशांत गाडी चालवायला बंदी होईल इतकं.

लांडगे-कोल्हे बर्फावर उभे राहतात, त्यांचे पाय गोठत नाहीत का?

पायात जाणारं गरम रक्त आणि परत येणारं थंड रक्त अगदी शेजारच्या नसांतून वाहतं. जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं, त्यामुळे पावलापर्यंत थंडच रक्त पोचतं आणि बर्फाला द्यायला फारशी उष्णता उरत नाही. पावलं गोठणबिंदूच्या जेमतेम वर राखली जातात, बस्स. रेनडिअरच्या पायांतली चरबीही अंगातल्या चरबीपेक्षा मऊ, थंडीत न घट्टावणारी असते. असाच देवघेवीचा मार्ग त्याच्या नाकातही आहे. बाहेर जाणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल तिथंच अडवली जाते.

अंगावरच्या केसांचं म्हणाल, तर अलास्कातल्या पॉइंट बॅरो इथं केलेल्या आणि १९५० साली छापून आलेल्या प्रयोगांत आर्क्टिक कोल्ह्याला उणे ४० अंशांपर्यंत उष्णतेसाठी जादा ऊर्जा खर्च करावी लागली नव्हती. उलट मूस या धिप्पाड हरणाला हिवाळी केसांत उणे ५ अंशांच्या वर उकडायला लागतं.

थंड प्रदेशातले प्राणी आकारानं मोठे असतात, हा नियम खरा का?

कार्ल बर्गमन यांनी १८४७ साली तसं मांडलं, आणि जोएल अ‍ॅलन यांनी १८७७ साली कान, शेपटी, पाय आखूड असल्याची जोड दिली. ढोबळमानानं दोन्ही बरोबर. पण वर चिचुंद्री आणि गोल्डक्रेस्ट भेटलेच आहेत, त्यामुळे याला नियमापेक्षा कल म्हणणं बरं.

रेनडिअर हिवाळ्यात खातात काय?

मुख्यतः दगडफुलांच्या जातीतली, जमिनीवर गालिच्यासारखी पसरणारी क्लॅडोनिया. तिच्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, पण ऊर्जा पुरते. रेनडिअर वासानं ती हुडकतात आणि खुरांनी बर्फ उकरतात. उकरता येईल इतका मऊ बर्फ हवा, एवढीच त्यांची अट.

त्यांच्या डोळ्यांची गंमत सांगायलाच हवी. बुबुळामागचा परावर्तक पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या दीर्घ अंधारात निळा होतो. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. निळ्या पडद्यामुळे प्रकाश डोळ्यातच जास्त विखुरतो, दिसणं धूसर होतं पण अंधारात अधिक दिसतं.

कॅपरकेली हा टर्कीएवढा पक्षी हिवाळाभर जवळजवळ पाइनच्या सुयाच खातो. राळेनं भरलेलं ते खाणं पचवायला त्याच्या आतड्याला लांबलचक जोडपिशव्या असतात.

ससा पांढरा होतो तो बर्फ बघून?

नाही, इथंही दिवसाची लांबी बघूनच. स्नोशू सशाचे केस ठरलेल्या काळात बदलतात, बर्फ पडो वा न पडो. हजारो वर्षं हे वेळापत्रक बर्फाशी जुळत होतं. आता बर्फ उशिरा येतो, लवकर जातो, आणि तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र ससा दिवा लावल्यासारखा उठून दिसतो. लिंक्स या रानमांजराला आणखी काय हवं?

जंगलात वणवेही लागतात म्हणे. थंडीच्या प्रदेशात?

उन्हाळा कोरडा, झाडात राळ, जमिनीवर न कुजलेला पाचोळा. वणवे इथले मूळ रहिवासी आहेत. जॅक पाइनचे शंकू राळेनं बंद असतात, कित्येक वर्षं तसेच टांगून राहतात आणि वणव्याच्या धगीनं उघडून बी राखेत टाकतात. मात्र २०२३ साली कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून अधिक जंगल जळालं. तेवढी सवय या झाडांनाही नाही.

हवामान उबदार होतंय, म्हणजे या जिवांचा त्रास कमीच होईल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि वरची सगळी उत्तरं वाचली असतील तर अंदाज आलाच असेल. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतोय. पण इथल्या जिवांची सगळी गणितं थंडी टिकून राहील आणि बर्फ वेळेवर पडेल, हे धरून मांडलेली आहेत.

कडक थंडीचा फायदाही होता. पाइनची साल पोखरणारा भुंगा उणे ४०च्या आसपासच्या थंडीत मरायचा. तशी थंडी विरळ झाल्यावर १९९०च्या दशकापासून त्यानं ब्रिटिश कोलंबियात १.८ कोटी हेक्टरांवरच्या जंगलाला झळ पोचवली. रशियातल्या यमाल द्वीपकल्पात नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडला, मग ते पाणी गोठून बर्फावर कवच बसलं. खुरांनी ते फुटेना. त्या हिवाळ्यात नेनेत्स पशुपालकांचे सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीनं मेले. थंडीनं नव्हे.

आणि अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरचा पिवळा सीडर. त्याची बारीक मुळं अगदी वरच्या मातीत असतात आणि वसंताच्या तोंडाशी ती लवकर जागी होतात. पूर्वी तेव्हा वर बर्फाची दुलई असायची. हिवाळे उबदार होत गेले तसा बर्फ पातळ झाला, अधूनमधून येणारी थंडीची लाट थेट मातीत उतरू लागली आणि मुळं गोठली. दोन लाख हेक्टरांहून मोठ्या पट्ट्यात हे सीडर वाळून उभे आहेत. हवा उबदार झाली म्हणून गारठून मेलेली झाडं.